पुढून आलेला हात

कामिनी नेहेतेला गिअरच्या गाडीचं पक्कं लायसन मिळालं तेव्हा तिला अडतिसावं लागलं होतं. दीपनगरच्या वीज केंद्रात, नियंत्रण कक्षात ती तंत्रज्ञ होती. आठ-आठ तास पडद्यांसमोर बसायचं, एखादा आकडा जागचा हलला तर तो का हलला याचा माग काढायचा आणि वहीत लिहून ठेवायचं, हे तिचं काम. सोळा वर्षं हे केल्यावर एका गोष्टीवर तिचा ठाम विश्वास बसला होता. संकेत आला म्हणजे तो कुठून तरी निघालेला असतो. सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं.

मागची सहा वर्षं तिचे वडील अंथरुणाला खिळून होते. ते श्रावणात गेले. दिवसकार्य उरकलं, बहीण नाशिकला परत गेली आणि कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर एकदम मोठं वाटायला लागलं. ड्यूटीवरून आलं की दोरीवरचे कपडे झटकायचे, त्यांच्यावर बसलेली केंद्राच्या चिमणीची राख उडवायची, घड्या घालायच्या. मग करायला काही उरायचं नाही. गणपतीनंतर तिनं दोनशे सीसीची एक जुनी मोटरसायकल घेतली. कॉलनीच्या मैदानात दोन महिने गोल गोल फिरवली. परीक्षेत पाय न टेकता आठचा आकडा काढला. लायसन हातात आल्यावर मात्र एकटीनं कुठे जायचं ते तिला सुचेना. कक्षातल्या एका सहकाऱ्यानं जळगावच्या मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपचा नंबर दिला.

ग्रुप लहानसा होता. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आठ-नऊ जण सकाळी सहाला बांभोरीच्या पुलाअलीकडच्या पेट्रोल पंपावर जमायचे. धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा असं करत दोंडाईच्याला जायचे, चहा-भजी खायचे आणि परत फिरायचे. दर वेळी दोंडाईचाच का, असं कामिनीनं फोनवर विचारलं तेव्हा पलीकडचा माणूस जरा घुटमळला. "रस्ता सवयीचा झालाय ताई," तो म्हणाला.

तो योगेंद्र. त्याचं शेतीच्या पंपांचं दुकान होतं आणि ग्रुपच्या पुढे तोच असायचा. डिसेंबरमधल्या तिच्या पहिल्या फेरीला त्यानं पंपावर तिला नियम सांगितले.

"एकामागे एक सरळ नाही चालायचं. एक डावीकडून, एक उजवीकडून. मध्ये दोन सेकंदांचं अंतर. पुढच्यानं खड्डा दाखवला, गतिरोधक दाखवला, की तुम्ही तोच हात मागच्याला करायचा. तुम्हाला स्वतःला खड्डा दिसला नाही तरी करायचा. पुढून आलेला हात मध्ये अडवायचा नाही."

"आणि माझी जागा?"

"नवीन माणूस शेवटून दुसरा. तुमच्या पुढे मनन, मागे अभिमन भाऊ."

मनन सराफ बाजारातल्या घरातला, तिशीचा, गाडीपेक्षा गाडीच्या फोटोंत जास्त रमणारा. अभिमन भाऊ बासष्ट वर्षांचे. एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, पिंप्राळ्याला राहणारे. सगळ्यात शेवटी तेच असत, म्हणून ग्रुपमध्ये त्यांना गार्ड म्हणत. त्यांनी न विचारता कामिनीच्या गाडीची चेन बोटानं दाबून पाहिली, खिशातून पाना काढला आणि दोन मिनिटांत ती ताणून दिली.

"आरसामा मना लाईट दिसी," ते अहिराणीत म्हणाले. "घाबरू नको बेटा. मी मांगेच शे."

थंडी बोचरी होती. गिरणेवरून धुकं वर आलेलं होतं. धरणगावच्या पुढे हरभऱ्याची शेतं लागली, मग दादर ज्वारीची. बोटं बधिर झाली तरी कामिनी गिअर चुकली नाही. दर थोड्या वेळानं ती आरशात पाही आणि दर वेळी तो पिवळसर दिवा तिथं असे, ठरावीक अंतरावर, ना जवळ ना लांब. सहा वर्षं तीच कुणाच्या तरी उशाशी जागत होती. आपल्या पाठीशी कुणी लक्ष ठेवून आहे, ही जाणीव तिला अगदी अनोळखी होती.

शिंदखेडा सोडल्यावर रस्ता उजवीकडे एक लांब वळण घेतो आणि मग सरळ होतो. दोन्ही बाजूंना बाभळी, त्यांच्या मागे कापसाच्या वाळलेल्या पराट्या. पुढे कोरड्या नाल्यावर एक फरशी पूल, कठडे नसलेला. पुलाला लागून डावीकडे एक गाडवाट शेतांत उतरते. पुलाच्या जरा अलीकडे मननचा डावा हात हँडलवरून सुटला आणि खाली आला. तळवा जमिनीकडे. हवेत दोनदा हळूच थोपटल्यासारखं केलं आणि हात परत वर गेला.

हा हात योगेंद्रनं शिकवलेला नव्हता. कामिनीनं तो तसाच केला. आरशात अभिमन भाऊंचा हातही खाली आला. एकदा. दोनदा.

दोंडाईच्यात रेल्वे फाटकाच्या पलीकडे भिकुबाईची टपरी होती. हवेत मिरचीचा ठसका भरला होता, उतरल्याउतरल्या सगळे खोकले. कामिनीनं मननला विचारलं, "पुलाच्या आधी तू हात केलास तो कसला?"

"गतिरोधक असेल."

"गतिरोधक नव्हता. खड्डाही नव्हता."

"मग मला काय माहीत? पुढच्यानं केला, मी केला."

पुढचा म्हणजे एक शिक्षक होते. त्यांनाही त्यांच्या पुढच्याकडूनच आला होता. कामिनी एकेकाला विचारत योगेंद्रपर्यंत पोचली. तो भजी खात होता.

"मी? मी नाही केला कुठला हात," तो म्हणाला आणि उरलेलं भजं द्रोणात ठेवून उठला.

जानेवारीत ती तयारीनं गेली. शिंदखेड्याच्या वळणावर पुढच्या सगळ्या गाड्या एकाच वेळी दिसतात हे तिनं ध्यानात ठेवलं होतं. वळण सुरू झालं तशी ती मननकडे न बघता थेट पुढे बघत राहिली. योगेंद्रचा हात आधी खाली आला. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. माळेतला मणी ओढल्यासारखा तो हात एकेकावरून सरकत तिच्यापर्यंत आला. तिनं तो मागे दिला.

त्या दिवशी मननच्या हेल्मेटला नवा कॅमेरा होता. टपरीवर तिनं त्याच्याकडून ती चित्रफीत फोनवर मागून घेतली आणि योगेंद्रला बाजूला, फाटकाजवळ नेलं. पडदा लहान होता, तरी त्याचं लाल जाकीट ओळखू येत होतं. हातही.

योगेंद्रनं ते तीनदा पाहिलं.

"समोर कोण होतं?" कामिनीनं विचारलं.

"रस्ता होता."

"मग तुम्ही हात का केला?"

"पुढून आला म्हणून."

"कुणाचा?"

मालगाडी येत होती. तिचे डबे संपेपर्यंत त्यानं चित्रफीत आणखी एकदा पाहिली.

"हात आला एवढं आठवतं ताई," शेवटी तो म्हणाला. "कुणाचा ते बघायचं राहून जातं."

"दर वेळी?"

"तीन वर्षं झाली." त्यानं फोन तिच्या हातात परत दिला. "हे इतरांना दाखवू नका. आणि एक सांगतो, आम्ही दुसरीकडे जायचं ठरवून पाहिलंय. उलट्या दिशेला, अजिंठ्याला जायचं ठरवून निघालो होतो एकदा. बांभोरीच्या पुलावर आल्यावर लक्षात आलं, आपण इकडेच आलोय."

परतताना अमळनेरला अभिमन भाऊ तिच्या गाडीची हवा बघत होते. कामिनी त्यांच्याजवळ बसली.

"भाऊ, तुमच्या मागे तर कुणीच नसतं. तुम्ही तो हात कुणाला देता?"

"कोनालेच नही." ते हसले. "तरी मी देस. पुढथून येस, मांगे देनं. नही दिधा ते हात दिनभर जड ऱ्हास."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

भाऊंनी टायरवर मूठ आपटून आवाज ऐकला. "हात कोनाना बी ऱ्हावो," ते म्हणाले, "थोपटनारा शे. मारनारा नही."

कामिनीचं समाधान झालं नाही. महिनाभर तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. नियंत्रण कक्षात एखादी घंटा विनाकारण वाजत राहिली तर तिची एक रीत होती. साखळीतली एक कडी काढून ठेवायची आणि पुढे काय होतं ते पाहायचं. काहीच झालं नाही, तर घंटेत अर्थ नाही. माणसं एकमेकांचं बघून हात हलवतात, सवय लागते, मग तिला कारण चिकटवतात. तिला ते एकदाच सिद्ध करायचं होतं. तिच्या मागे एकच माणूस असे, आणि तो सगळ्यांत जाणता. बिघडून काय बिघडणार होतं?

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. भाऊंनाही नाही.

फेब्रुवारीतला रविवार. नऊ गाड्या. पंपावर सगळ्यांनी टाक्या भरल्या आणि नेहमीप्रमाणे किलोमीटरचा फिरता आकडा शून्यावर आणला. ऊन लवकर चढलं होतं. शिंदखेडा साडेआठच्या सुमारास मागे पडलं.

वळण आलं. संपलं.

मननचा हात खाली आला.

कामिनीनं दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. डावा हात आपणहून सुटू बघत होता. एवढी ओढ तिनं गृहीत धरली नव्हती. हातमोज्याच्या आत तळवा घामानं चिंब झाला, कोपरापर्यंत कळ गेली. तिनं दात आवळले आणि मनात आकडे मोजले. सातव्या आकड्याला चाकांखालून फरशी गेली.

काही झालं नाही.

तिनं आरशात पाहिलं. पिवळसर दिवा जागेवर होता. ठरावीक अंतर. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडा रागही आला, एवढ्याशा गोष्टीसाठी दोन महिने घालवले म्हणून. पुढच्या पंचवीस किलोमीटरमध्ये ती पुन्हा पुन्हा आरशात बघत राहिली. दिवा होताच. दोंडाईच्याची पहिली घरं आली, दिवा होता. फाटक लागलं, दिवा होता. फाटक ओलांडून ती टपरीसमोर थांबली, पाय टेकवला आणि भाऊंना काय सांगायचं ते जुळवत मागे वळली.

मागे कुणी नव्हतं.

फाटकापर्यंत रस्ता मोकळा होता. एक बकरी तो ओलांडत होती.

पंधरा मिनिटं वाट पाहिली. फोन लागत नव्हता. मग योगेंद्र आणि कामिनी परत निघाले. पुलापर्यंत रस्त्यावर ना पडलेली गाडी, ना घसरल्याची खूण. गाडवाटेत धुळीवर बैलगाडीची जुनी चाकोरी होती, टायरचा ठसा एकही नव्हता. पुलाजवळच्या शेतात एक बाई पराट्या उपटत होती. योगेंद्रनं तिला विचारलं.

"गाड्या गेल्या ना मघाशी," ती म्हणाली. "आठ गेल्या."

"नऊ. शेवटी एक म्हातारे होते. खाकी जाकीट."

"शेवटी तर ही बाई होती." तिनं विळ्यानं कामिनीकडे दाखवलं. "हिच्या मागे कोणी नव्हतं. ही मात्र घडीघडी आरशात बघत होती."

ते टपरीवर परतले. पोलिसांत कळवावं का, यावर दबक्या आवाजात बोलणं चाललं होतं. साडेअकराला अभिमन भाऊ आले.

ते नंदुरबारच्या बाजूनं आले. पुढून.

गाडी त्यांनी टपरीसमोर आणली, पण थांबवली नाही. टपरीसमोरच्या मोकळ्या जागेत ते गोल फिरत राहिले. चेहरा शांत होता. योगेंद्र आणि मनननं दोन्ही बाजूंनी पळत जाऊन हँडल धरलं आणि चावी फिरवली तेव्हा गाडी थांबली. भाऊ उतरले आणि लगेच चालू लागले. चार पावलं तिकडे, चार पावलं इकडे.

"तुम्ही आठे कवय उनात?" सगळे इथं कधी आले, असं त्यांनीच उलट विचारलं.

"भाऊ, तुम्ही कुठे होतात?" कामिनी त्यांच्या बरोबरीनं चालू लागली.

"कोठे म्हंजे? तुना मांगेच व्हतू. फरशीवरथून तू डावीकडे वळनी. मी बी वळनू."

"मी नाही वळले भाऊ."

"वळनी ना." ते फिरतच होते. "पन तू हात नही दिधा. म्हनीसन माले थांबता उनं नही."

"थांबता का नाही आलं? तिकडे काय होतं?"

"रस्ता. पुढे बठ्ठा व्हतात. लई लांब रांग."

"आम्ही सगळे?"

भाऊंनी चालता चालता एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. योगेंद्र, मनन, शिक्षक, बाकीचे.

"तुम्ही नही," ते म्हणाले.

कामिनी त्यांच्या गाडीपाशी गेली. तिच्या गाडीवर सकाळपासूनचे, शोधाच्या फेरीसकट, एकशे अठ्ठ्याहत्तर किलोमीटर झाले होते. भाऊंच्या गाडीवर सहाशे बारा होते. तिनं वाकून दोनदा वाचले. टाकी उघडून पाहिली. पेट्रोल काठापर्यंत होतं.

त्या दिवशी एक जीप करून भाऊंना घरी नेलं. जीपमध्ये ते बसून होते, पण पाय हलत होते.

नवव्या दिवशी ड्यूटी संपवून कामिनी पिंप्राळ्याला गेली. भाऊंच्या बायकोला, तानुबाईंना, ती पहिल्यांदाच भेटत होती. घराच्या भोवती तीन हातांची वाट होती आणि त्या वाटेवरून अभिमन भाऊ चालत होते. कामिनी दारात उभी राहिली तेवढ्या वेळात दोनदा तिच्यासमोरून गेले. गाल बसले होते. तिला पाहून ते ओळखीचं हसले आणि कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

"बसत नही, निजत नही," तानुबाई म्हणाल्या. "जेवन बी चालता चालता. मी मांगे मांगे ताट लीसन फिरस. डॉक्टर म्हने शुगर शे. शुगरनी मानूस असा फिरस का माय?"

त्यांनी कोनाड्यातून भाऊंचे हातमोजे काढले. संक्रांतीला घेतलेले, जाड कातड्याचे. उजवा कोरा होता. डाव्याचा तळवा झिजून जाळी झाली होती, खरखरीत काहीतरी फार वेळ चोळावं तशी. तानुबाईंनी जाळीतून बोट आरपार घालून दाखवलं.

कामिनीनं तेव्हा सगळं सांगितलं. हात कसा यायचा, तो मागे कसा द्यायचा, आणि तिनं तो मुद्दाम कसा अडवला. सांगताना ती जमिनीकडे बघत होती. बाई ओरडतील, दार दाखवतील, असं तिला वाटलं. तेच बरं झालं असतं.

तानुबाईंनी हातमोजे कोनाड्यात परत ठेवले. बाहेरून पावलं गेली, पुन्हा गेली.

"मग दी ये ना त्याले," त्या म्हणाल्या. "जे देनं व्हतं ते दी ये. मी काय सांगू दुसरं."

मार्चच्या दुसऱ्या रविवारी ग्रुपमधलं कुणी आलं नाही. योगेंद्रनं फोन उचलला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मला लेकरं आहेत." कामिनीनं त्याला दोष दिला नाही.

सकाळी सातला ती पिंप्राळ्याहून निघाली. मागे अभिमन भाऊ. गाडीवर बसल्यावर त्यांचे पाय हलायचे थांबले होते. गाडी चालत होती तोवर ते पूर्वीसारखेच होते, सरळ पाठीचे, सावध. अवघड होतं ते थांबणं. म्हणून ती आपणहून कुठे थांबलीच नाही. अमळनेरला एका ट्रॅक्टरनं वाट अडवली, तेव्हा भाऊ तिच्याभोवती चकरा मारत राहिले आणि लोक बघत राहिले.

दादर कापून झाली होती. शेतं उघडी पडली होती. नरडाण्यानंतर गरम वारा सुटला. कामिनीच्या पुढे पहिल्यांदाच कुणी नव्हतं. नुसता रस्ता आणि त्यावर थरथरणारी हवा.

तिनं ठरवलं होतं. पूल आला की स्वतःच हात खाली करायचा, दोनदा थोपटायचं, भाऊंनी पाहिलं याची खात्री करायची. एवढंच.

शिंदखेडा गेलं. वळण आलं. बाभळी.

पूल अजून लांब होता.

पुढून हात आला.

तिनं तो मागे दिला. एकदा. दोनदा. हात खाली गेला तेव्हा तळव्याला काहीतरी लागलं, कोमट आणि खरबरीत, गुराच्या पाठीसारखं. ते हललं नाही. तिनं हात परत हँडलवर ठेवला. फरशी गेली. समोर कोण होतं, हे नंतर तिला कितीही आठवून सांगता आलं नाही.

आरशात भाऊंचा हात खाली आला. त्यांनीही तो मागे दिला.

पुढे दोंडाईच्यापर्यंत तिनं आरशात पाहिलं नाही.

टपरीसमोर तिनं गाडी उभी केली आणि श्वास धरून थांबली. भाऊंची गाडी शेजारी आली, मंद झाली. थांबली. त्यांनी चावी फिरवली, स्टँड लावला, हेल्मेट काढलं आणि उतरून दोन पावलांवरच्या बाकावर बसले. पाय जमिनीवर शांत होते.

"आते बरं वाटनं बेटा," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "लई थकनू व्हतू."

बोलता बोलता त्यांची मान छातीवर झुकली. महिन्याभरानं माणूस झोपला होता. कामिनीनं त्यांच्या तोंडाजवळ बोट धरून श्वास पाहिला. लांब, एकसारखा चालला होता. तिनं तानुबाईंना फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "बसले. झोपले." पलीकडून रडण्याचा आवाज आला.

भिकुबाईनं चहाचे दोन ग्लास आणून ठेवले. कामिनीनं ग्लास दोन्ही हातांत धरला. चहा गोड होता. पहिला घोट घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून इंजिनाच्या घरघरीवर मोठ्यानं बोलतोय. फोनवरही ती जवळजवळ ओरडूनच बोलली होती.

तिच्या गाडीची चावी तिच्या खिशात होती. भाऊंची चावी बाकावर, त्यांच्या मांडीशी पडली होती.

भिकुबाई कामिनीच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघत होती. मग तिनं पातेल्यात आणखी दूध ओतलं आणि ग्लास विसळून मांडायला सुरुवात केली. एक रांग झाली, तशी दुसरी सुरू केली.

कामिनीच्या पाठीमागे एक इंजिन बंद झालं. मग दुसरं. मग त्याच्या मागचं. फाटकाच्या दिशेनं, फाटकाच्या पलीकडे, लांब लांब जात एकेक इंजिन बंद होत गेलं. ती चहावर नजर ठेवून ऐकत राहिली. भाऊंची झोप मोडली नाही.

अगदी शेवटचं एक मात्र बराच वेळ चालूच राहिलं.